प्रवासात टिपलेले आणि न टिपता सोडून दिलेले

इंदूरचा राजवाडा १९८४ मध्ये आगीत सापडला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. समोरचा सात मजली दर्शनी भाग वाचला, मागचे बरेचसे जळून गेले. माझ्या वडिलांनी त्याआधी आतल्या चौकात काढलेली सात छायाचित्रे आमच्या घरी आहेत, आणि ती लाकडी नक्षी कशी होती हे मुलांना दाखवायचे झाले, तर तेवढाच आधार माझ्यापाशी आहे. याच गावात लाला दीनदयाळ यांनी बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करता करता कॅमेरा हाती घेतला आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. तेव्हा इंदूरकरांनी या विषयावर मनापासून लिहावे, असे वाटते. जगभर फिरताना माणसांचे, शहरांचे किंवा इमारतींचे एखादे छायाचित्र मिळवण्यासाठी काय करावे लागले, आणि एखादे सहज काढता येत असूनही का काढले नाही, ते कृपया सविस्तर सांगावे. (वाचकांची उत्तरे पुढे, प्रत्येकाच्या ओळखीखाली.)

निवृत्त स्थापत्य अभियंता, टिळकनगर

बार्सिलोनातील साग्रादा फामिलिया हे चर्च पाहण्याची इच्छा मला विद्यार्थीदशेपासून होती. त्याचे काम १८८२ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी ते वास्तुविशारद आंतोनी गौदी यांच्या हाती आले, आणि १९२६ मध्ये ते वारल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. आम्ही सकाळी आत गेलो, तेव्हा पूर्वेकडच्या निळ्या-हिरव्या काचांतून येणाऱ्या उजेडाने अर्धा गाभारा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. मी भराभर पन्नासेक छायाचित्रे काढली आणि मुक्कामी येऊन पाहतो, तर सगळे खांब आत कोसळत असल्यासारखे आले होते. उंच इमारत टिपताना कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. इथे मात्र अडचण अधिक होती, कारण हे खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात आणि त्या फांद्या गौदींनी मुद्दाम कलत्या ठेवल्या आहेत. माझ्या छायाचित्रांत त्यांनी दिलेला कल कोणता आणि माझ्या हाताने घातलेला कोणता, हे कळेनासे झाले होते, आणि बांधकामात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते सहन होण्यासारखे नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून संध्याकाळी गेलो. शक्य तितका मागे सरकून कॅमेरा जमिनीला समांतर धरला, त्यामुळे खाली जास्तीची आलेली फरशी नंतर कापून टाकता आली. उजेड काचेवर मोजला आणि बाकीचा अंधार अंधारच राहू दिला. त्या वेळी ऊन पश्चिमेकडच्या तांबड्या-नारिंगी काचांतून येत होते. माझी पत्नी पांढरी माहेश्वरी साडी नेसून बाकावर बसली होती, आणि पाहता पाहता तो पदर पळसाच्या फुलांच्या रंगाचा झाला. तिला न सांगता काढलेले ते एकच छायाचित्र मी मोठे करून घरात लावले आहे. अर्थात, लावण्यापूर्वी तिला विचारले.

सध्या म्युनिक, माहेर रामबाग

विचारण्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. जर्मनीत माणसाच्या प्रतिमेवर त्याचा स्वतःचा अधिकार मानला जातो आणि त्याच्या संमतीशिवाय छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. हा कायदा १९०७ चा आहे. त्यामागे १८९८ मधील एक प्रसंग आहे: बिस्मार्क वारले त्या रात्री दोन छायाचित्रकार त्यांच्या खोलीत चोरून शिरले आणि त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र घेतले. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या दृश्यात माणूस केवळ ओघाने आला असेल, तर संमती लागत नाही. परंतु तो माणूसच चित्राचा विषय असेल, तर लागते. सुरुवातीला मला हा जाच वाटला. मग बाजारात शतावरीच्या जुड्या बांधणाऱ्या एका आजोबांना मी हातानेच खूण करून विचारले. ते नको म्हणाले, पण मला जवळ बोलावून जुडी कशी बांधतात ते दाखवू लागले. छायाचित्र मिळाले नाही, तरी त्यांच्या बोटांच्या हालचाली माझ्या लक्षात आहेत. आता सुटीत इंदूरला आल्यावर सराफा बाजारात रात्री जिलबी तळणाऱ्या काकांनाही मी आधी विचारते. ते कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त खांद्यावरचा पंचा नीट करून घेतात, आणि न विचारता टिपणाऱ्याने त्यांना तेवढीही सवड दिलेली नसते, असे मला वाटते.

सुदामानगरहून थोडक्यात

जपानमधील क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांमध्ये परवानगीशिवाय छायाचित्रे काढण्यास मनाई करणारे फलक २०१९ मध्ये लावले गेले. दंड दहा हजार येन. मैको, म्हणजे गेइशा होण्याचे शिक्षण घेणारी तरुणी, घाईने जात असताना तिचा रस्ता अडवणारे पर्यटक मी पाहिले, आणि कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

गृहिणी, लोकमान्यनगर

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. अंकोरवाट पहाटेच पाहायचे, असे सर्वांनी सांगितल्यामुळे आम्ही अंधारात जाऊन तळ्याकाठी उभे राहिलो. हे बाराव्या शतकातले मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो आणि शिखरांची काळी आकृती तेवढी मिळते. ती सुंदर असते, पण दगडावरचे काम अजिबात दिसत नाही. दुपार कलल्यावर सासूबाईंना घेऊन मी परत गेले. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्राचे युद्ध कोरले आहे. कोरीव काम उथळ असल्याने समोरून झोत टाकला की ते सपाट दिसते. तिरपे ऊन आले की प्रत्येक रथाला आणि घोड्याला सावलीची कडा मिळते. त्या उन्हात सासूबाईंनी बाणांवर आडवा झालेला योद्धा पाहिला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर भीष्माचार्य!" तिथल्या वयस्कर रखवालदाराला मराठी कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्याने हसून शरपंजराकडे बोट केले आणि हात जोडले. सासूबाईंनीही हात जोडले. त्या दोघांचे छायाचित्र काढावे, हे मला सुचलेच नाही आणि त्याची हळहळ अजून वाटते.

प्राध्यापक, स्नेहनगर

पॅरिसमध्ये २०१९ च्या शेवटी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या कलासंग्रहाचे प्रदर्शन भरले होते. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी केलेल्या वस्तू तिथे होत्या, आणि छायाचित्रकार मान रे यांनी काढलेली महाराजांची व महाराणी संयोगितादेवींची छायाचित्रेही. त्या छायाचित्रांत राजेपणाचा थाट जवळजवळ नाही. दोन तरुण माणसे एकमेकांच्या सहवासात मोकळी झालेली दिसतात, आणि छायाचित्रकारावर त्यांचा पूर्ण विश्वास असल्याखेरीज हे घडत नाही. समोर बसून दोन शाळकरी मुली ती चित्रे वहीत रेखाटत होत्या. ते दृश्य टिपण्याची मला अतिशय इच्छा झाली. मी त्यांच्या शिक्षिकेला विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला, तेव्हा मी कॅमेऱ्यावर झाकण लावले आणि मी याच राजाच्या गावचा आहे, एवढे सांगितले. मुलींनी गावाचे नाव विचारले. एकीने वही पुढे केली, मी चित्राखाली देवनागरीत 'इंदूर' असे लिहिले, आणि दुसरीने ते आपल्या वहीत एकेक वळण पाहत उतरवून घेतले.