सीजीएल इंग्रजी: एरर स्पॉटिंगमध्ये दोन पर्याय बरोबर वाटले तर नेमकं काय बघायचं?

सिडकोची_मुलगी:
नमस्कार. मी एसएससी सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे टियर वनची तयारी करतेय. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. गणित आणि रीझनिंगची फारशी काळजी नाही, पण इंग्रजीच्या 25 प्रश्नांतलं एरर स्पॉटिंग (वाक्यातली चूक शोधणं) आणि सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट (वाक्याचा दिलेला भाग सुधारणं) फार छळतं. काल अभ्यासिकेत या वाक्यावरून आमच्यात जोरात वाद झाला:

'द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स फ्रॉम दीज व्हिलेजेस आर गुड धिस इयर.'

बाकीच्या सगळ्या म्हणाल्या 'नो एरर'. निफाडची मैत्रीण तर ठामच होती: द्राक्षं अनेक, गावं अनेक, मग 'आर'च येणार. मला 'आर' खटकतंय, पण का ते त्यांना पटवून देता येईना. एकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण एवढ्या लांब वाक्यात कर्ता कुठला हेच कळत नाही. शेवटी कानाला जे बरं वाटतं ते निवडायचं का?

पंचवटीचे_सर:
तुझं बरोबर आहे. तिथे 'इज'च हवं. आता मैत्रिणींना 'आर' का योग्य वाटलं ते बघ, कारण मराठी माध्यमाची हुशार मुलंसुद्धा वर्षानुवर्षं इथेच अडताना मी पाहतो.

हेच वाक्य मराठीत म्हण: 'यंदा या गावांतल्या द्राक्षांची प्रत चांगली आहे.' गावं आणि द्राक्षं आधी येऊन गेली. 'प्रत' शेवटी आली आणि तिच्यापासून क्रियापदापर्यंत मध्ये दुसरं नामच नाही. त्यामुळे क्रियापदाच्या अगदी अलीकडे जे नाम दिसेल त्याला कर्ता धरायची आपल्याला सवय असते आणि अशा वाक्यांत ती चालूनही जाते. इंग्रजीत 'क्वालिटी' आधी येते, 'ऑफ'पासूनचं सगळं लटांबर तिच्या मागून. मग क्रियापदाला खेटून उभं राहतं 'व्हिलेजेस'. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही घाईत इथे फसतात.

म्हणून आधी क्रियापदावर बोट ठेवायचं. मग 'ऑफ', 'फ्रॉम', 'इन', 'विथ' अशा शब्दांपासून क्रियापदापर्यंतचा मजकूर झाकायचा. सरावाच्या वहीत पेन्सिलीने कंस कर; परीक्षा संगणकावर असते, तिथे मनातल्या मनात. उरतं 'द क्वालिटी... आर गुड'. आता मैत्रिणींना वाचून दाखव, वाद होणार नाही.

'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज' यांनाही हेच लागू. 'द कलेक्टर, अलाँग विथ हिज ऑफिसर्स, वॉज प्रेझेंट.' इथे आपल्याला आणखी एक अडचण येते. मराठीत आपण 'कलेक्टर उपस्थित होते' असं आदरार्थी बहुवचन वापरतो, म्हणून 'वेअर' अगदी सहज तोंडात येतं. इंग्रजीत आदरासाठी क्रियापदाचं बहुवचन होत नाही.

कानाबद्दल विचारलंस. 'मी 2019 पासून नाशिकमध्ये राहते' हे आपल्याकडे साध्या वर्तमानकाळात बसतं, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स 2019' कानाला गोड लागतं. हवं असतं 'आय हॅव बीन लिव्हिंग'. तेव्हा कानाने संशय घ्यावा, उत्तर मात्र वाक्याची रचना बघूनच टिक करावं.

सातपूर_एमआयडीसी:
सरांशी सहमत, फक्त एक भर. 'नायदर... नॉर' आणि 'आयदर... ऑर' असेल तर झाकाझाकी करू नकोस, तिथे जवळचाच कर्ता बघतात. 'नायदर द मॅनेजर नॉर द वर्कर्स वेअर इन्फॉर्म्ड' हे बरोबर आहे.

आणि थोडं गुणांचं. टियर वनला 60 मिनिटांत 100 प्रश्न, बरोबरला 2, चुकीला 0.50 वजा. दोन पर्याय नक्की बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांपैकी एक मार, प्रश्न सोडू नकोस. अशा चार प्रश्नांत दोन बरोबर आले तर 4 मिळतात, 1 जातो, 3 हातात राहतात. क्रियापद, प्रीपोझिशन, सर्वनाम, आर्टिकल एवढं तपासून काही सापडलं नाही तर 'नो एरर' बिनधास्त निवड. तो पर्याय नुसता भरतीला दिलेला नसतो, कधीकधी तेच उत्तर असतं.

कॉलेजरोडची_आई:
माझा मुलगा एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करतोय. परीक्षा वेगळी, पण त्याच्याबरोबर बसून मी एक गोष्ट शिकले ती तुलाही उपयोगी पडेल. तिथे रीडिंग अँड रायटिंगला 64 मिनिटांत 54 प्रश्न असतात. व्याकरणाच्या प्रश्नात वाक्य वाचलं की चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायचं, फरक कशात आहे. 'हॅज' आणि 'हॅव' असा फरक असेल तर कर्ता शोध. फरक काळाचा असेल तर वाक्यातली वेळ शोध. फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम बदलत असतील तर दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत का ते तपास, कारण इंग्रजीत ते चालत नाही. तुझ्या सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटलाही हे वापरून बघ, बाळा. कशाची परीक्षा घेतली जातेय ते पर्यायच सांगतात.

सिडकोची_मुलगी:
सर, झाकून वाचल्यावर सगळ्यांना पटलं! काकू, दादा, तुमचेही आभार. फक्त एका ठिकाणी सरांची पद्धत लागू होत नाहीये. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव अप्लाइड' हे उत्तरतालिकेत बरोबर दिलंय. 'ऑफ'पासून झाकलं तर 'अ नंबर हॅव' उरतं. मग?

पंचवटीचे_सर:
चांगलं पकडलंस. इथे 'अ नंबर ऑफ' म्हणजे नुसतं 'बरेच'. अर्ज विद्यार्थ्यांनी केले, आकड्याने नाही, म्हणून कर्ता 'स्टुडंट्स' आणि क्रियापद 'हॅव'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड' यात मात्र वाढला तो आकडाच, म्हणून 'हॅज'. 'अ लॉट ऑफ'चंही तसंच: 'अ लॉट ऑफ ओनियन्स वेअर सोल्ड', पण 'अ लॉट ऑफ वॉटर वॉज वेस्टेड'. ही दोन-चार वाक्यं वहीत वेगळी लिहून ठेव. बाकी ठिकाणी झाकत जा.