फादरांच्या शाळेत शिकलेल्या सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

धाकट्या भावाचा मुलगा यंदा पाचवीत जाईल. त्याला पुण्यात फादरांच्या शाळेत, बोर्डिंगला घालावं का, असं भावाने मला विचारलं. घरात तसल्या शाळेत शिकलेला मी एकटाच. फोनवर तासभर बोललो, पण ठेवल्यावर वाटलं, माझ्या एकट्याच्या सांगण्यावर पोराचं ठरायला नको. म्हणून हा धागा. कॅथलिक मुलांच्या शाळेत शिकलेले, शिकवलेले, मुलगा घातलेले आपल्या भागातले जे कोणी असतील त्यांनी लिहावं. चांगलं आणि वाईट, दोन्ही. शाळेचं नाव नको, माणसांची नावंही नकोत.

सुरुवात मी करतो.

साल १९७९. साताऱ्यात तेव्हा प्रत्येक बापाला पोरगं सैनिक स्कूलला जावं असं वाटायचं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल आमच्याच गावात, १९६१ सालचं. माझा नंबर लागला नाही. वडिलांच्या एका मित्राने फादरांच्या बोर्डिंगचं सुचवलं आणि घरात वाद सुरू झाला. आईला भीती, पोरगं बाटेल. तिची समजूत घातली ती आजोबांनी. ते स्वतः कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, साताऱ्यातल्या बोर्डिंगात वाढलेले. अण्णांनी १९२४ साली ते काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आजोबा आईला म्हणाले, "माझ्या आईनंपण असंच डोळ्याला पाणी काढलं होतं. मी बिघडलो का?"

चौथीपर्यंत मी मराठी शाळेत. पहिले तीन महिने वर्गात काय चाललंय ते निम्मं कळायचं नाही. पण मला आठवतो तो रविवार. नाश्त्यानंतर स्टडी हॉलमध्ये सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं, देखरेखीला एक ब्रदर. मी दर रविवारी अंतर्देशीयावर त्याच तीन ओळी लिहायचो: मी मजेत आहे, अभ्यास चालू आहे, काळजी नसावी. चौथ्या रविवारी ब्रदर शेजारच्या बाकावर येऊन बसले. मोडक्या मराठीत म्हणाले, "काय जेवला ते लिही. आईला ते पाहिजे." मग मी लिहिलं की इथल्या आमटीत गूळ नसतो, रविवारी अंडं मिळतं, मी ते शेजारच्या मुलाला देतो आणि तो मला त्याचं केळं देतो. आई गेल्यावर तिच्या कपाटात ते निळं पत्र सापडलं. बाकीची नव्हती, तेवढंच होतं.

आमचे फादर जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघ या धर्मसंघातले. परीक्षेच्या पेपरवर वरच्या कोपऱ्यात ए. एम. डी. जी. ही चार अक्षरं लिहायची पद्धत होती. लॅटिन वाक्य, अर्थ 'ईश्वराच्या अधिक गौरवासाठी'. मी सवयीने 'श्री' लिहून बसलो होतो. फादरांनी हे काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. दहावीपर्यंत मी श्रीच लिहीत गेलो, कोणी हरकत घेतली नाही.

आता तुम्ही लिहा.

मिरज, १९७२ची अकरावी

आम्ही मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारे, वडील गार्ड, घरात कोंकणी. मी कॅथलिक. तुमच्या आईला पोरगं बाटायची भीती होती, आमच्या घरी उलटी चिंता: इथे राहून धर्माचं काही शिकणार नाही. म्हणून मला पाठवलं.

बाहेरून बघणाऱ्याला कॅथलिक सगळे एकसारखे वाटतात, ते खरं नाही. वांद्र्याची मुलं घरातही इंग्रजी बोलायची. वसईची मुलं आपसात सामवेदीत बोलायची, ती मला मुळीच कळायची नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेली मुलं अस्सल मराठी, त्यांचे बाप शेतमजूर, त्यांची फी माफ असायची. आणि ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर कळायची. कोण कोणाशेजारी बसतो ते मुलंच ठरवायची आणि नगरची पोरं शेवटच्या टेबलावर जायची. मी दोन वर्षं ते बघितलं आणि गप्प राहिलो. नवीन रेक्टर आल्यावर त्यांनी दर महिन्याला टेबलं चिठ्ठ्या टाकून बदलायला लावली. माझा आजचा सगळ्यात जवळचा मित्र त्या चिठ्ठीतून आला, राहुरीकडचा आहे.

पहाटे सहाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मी वेदीवर सेवा करायचो. व्हॅटिकनची दुसरी परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, १९६५ साली संपली, त्यानंतर लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाला. नगरच्या मुलांनी ढोलकी घेऊन मराठी गीतं म्हटली तो पहिला रविवार मला आठवतो. मिरजेच्या माणसाला तालात चूक ऐकू येतेच. त्या दिवशी एकही चूक नव्हती.

विटा, १९९१ची दहावी

तुम्ही वाईटही लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. आमच्याकडे मराठी बोललं की गळ्यात पाटी. ती पाटी दिवसभर घालून फिरायचं, दुसरा कोणी मराठी बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात द्यायची. म्हणजे मित्रच मित्रावर नजर ठेवून. सहावीत मी मैदानावर पडलो, कोपर फुटलं, तोंडातून "आई गं" निघालं. दवाखान्यातून पट्टी बांधून आलो तर पाटी माझी वाट बघत होती.

इतक्या वर्षांनीही मी मुलाच्या शाळेत पालकसभेला गेलो की बोलायच्या आधी थांबतो. फुटबॉल दिला, गणित चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. पण हे नको होतं.

कराड, निवृत्त मराठी शिक्षक, ३१ वर्षं नोकरी

विट्याच्या सरांचं वाचून गप्प बसवेना. मी अशाच एका शाळेत मराठी शिकवलं. पाटी आमच्याकडे नव्हती, पण मराठीचा तास शेवटचा, हे अनेक वर्षं होतं. मुलं दमलेली, निम्मी सरावाला मैदानावर. मी दर जूनला वेळापत्रकासाठी भांडायचो. २०२० साली राज्यात पहिली ते दहावी मराठी सक्तीचा कायदा आला, तोवर मी निवृत्त झालो होतो.

अभ्यासाचं मात्र मनापासून सांगतो. जेझुइटांचा शिक्षणाचा आराखडा १५९९ सालचा आहे आणि त्यातली एक गोष्ट मी रोज वापरली: उजळणी. तासाची पहिली दहा मिनिटं कालचा धडा, आणि तो मास्तरने सांगायचा नाही, मुलाने सांगायचा. शनिवारी आठवड्याचं सगळं पुन्हा. क्लासला न जाता आमची साधारण बुद्धीची मुलं बोर्डात निघायची ती यामुळे.

दुसरं, प्रगतिपुस्तक. वर्गात साठ मुलं असली तरी प्रिन्सिपॉल फादर स्वतः वर्गावर येऊन एकेकाला नावाने उभं करायचे, कार्ड हातात देताना एकच वाक्य बोलायचे. "भूगोलात नकाशा सुधारला." "वडिलांची तब्येत कशी आहे?" अख्ख्या शाळेला त्यांना चार दिवस लागायचे. त्या चार दिवसांत ऑफिसची कामं तुंबायची, क्लार्क चिडायचे, पण फादरांनी ते कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

सांगली, विश्रामबाग, एक आई

माझा मुलगा आता बारावीत आहे, सहावी ते दहावी बोर्डिंगला होता. भावाला थोडं उपयोगाचं सांगते. प्रार्थनेची भीती नको. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, घटनेच्या २८व्या कलमातच आहे. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जायची तेव्हा आमचा मॉरल सायन्सला. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांची वाट बघू नका. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितलंय. फी आधीच स्पष्ट विचारून घ्या.

मला लागलेली गोष्ट एकच. गणपतीला एक दिवस सुट्टी. सांगलीत गणपती म्हणजे काय ते इथे कोणाला सांगायला नको. पाच वर्षं मुलगा आरतीला नव्हता. व्हिडिओ कॉलवर ताम्हन दाखवायचे मी.

सांगली, गावभाग, १९८८ची दहावी

ऑगस्ट २०१९, कृष्णेचा पूर. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमच्या घरात माळ्यापर्यंत. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो. आमच्या वर्गातले सहा जण, दोन पुण्याचे, एक वसईचा, बाकी मुंबईचे. कपडे आणि बिस्किटं सगळेच आणत होते. यांनी आणलं होतं ते म्हणजे फावडी, रबरी बूट, फिनेल आणि पाणी उपसायचा पंप. शाळेत दर शनिवारी वस्तीत गटारं साफ करायला न्यायचे तेव्हा आधी विचारायला शिकवलं होतं की इथे काय हवंय. त्यांनी निघायच्या आधी मला फोन करून तेच विचारलं होतं. आमचं घर झाल्यावर शेजारची चार घरंही चिखलातून काढली. हातात फावडं असताना वसईचा म्हणाला, "नखं दाखव," आणि आम्ही दोघंही थांबलो. सोमवारी असेंब्लीत नखं तपासायचे फादर.

मी, सातारा

सगळ्यांचं भावाला वाचून दाखवलं. शाळा बघायला जाताना आता आम्ही मराठीचा तास कितवा हे आधी विचारणार. जेवायला मुलं कशी बसतात ते डोळ्यांनी बघणार. गणपतीच्या सुट्टीचंही विचारू, वहिनीने तेवढंच धरलंय.

एक राहिलंय. करमलं नाही म्हणून मधूनच, सहावी-सातवीत, घरी परत आलेला कोणी इथे असेल तर त्याने जरूर लिहा. पुतण्या तेच विचारतोय आणि मला उत्तर देता येत नाही.