तैवानमधले मॉर्मन मिशनरी: जेवायला बोलवावं का?

नवी_शिंचूकर
यांच्या नोकरीमुळे नुकतेच शिंचूला आलोय. काल बाजारातून येताना सिग्नलला दोन गोरी मुलं सायकलवरून शेजारी येऊन थांबली. पांढरा शर्ट, टाय, हेल्मेट, खिशावर नावाची काळी पट्टी. आधी चिनीत बोलली, मला येत नाही म्हटल्यावर इंग्रजीत. मॉर्मन चर्चचे (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी आहोत म्हणाली, चर्चमधल्या फुकट इंग्रजी वर्गाचं सांगितलं आणि माझा नंबर मागितला. वयाने अगदीच कोवळी दिसली हो. दिवसभर ही करतात तरी काय? जेवायला बोलावलं तर चालेल, की एकदा बोलावलं की पिच्छा सोडत नाहीत? धर्म बदलायचा आमचा काडीचाही विचार नाही.

माजघर
ताई, मी ताइचुंगला असते. आमच्या वरच्या मजल्यावर अशाच मुलांचं बिऱ्हाड आहे. मुलं बदलतात, बिऱ्हाड तेच, त्यामुळे त्यांचा आठवडा मला तोंडपाठ झालाय.

सकाळी साडेसहाला वर पाय वाजायला लागतात, तो त्यांचा व्यायाम. मग आंघोळ, नाश्ता आणि अभ्यास: आधी एकेकट्याने धर्मग्रंथ, मग जोडीने, मग चिनी. इथे यायच्या आधी अमेरिकेत, युटा राज्यातल्या प्रोव्होला जेमतेम दोनेक महिने चिनीचे धडे होतात, पुढचं सगळं रस्त्यावर शिकायचं. दहाच्या सुमारास सायकली बाहेर पडतात त्या रात्री नऊनंतर परत. साडेदहाला दिवे बंद. मुलग्यांची मुदत दोन वर्षं, मुलींची दीड. देश कुठला ते चर्च ठरवतं. पगार नाही. सिनेमा नाही, पोहायला जायचं नाही, मैत्रीण तर नाहीच. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचं नाही, आणि तो जोडीदारही स्वतः निवडलेला नसतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हे किती जड जात असेल!

सोमवार तेवढा त्यांचा. त्या दिवशी टाय नसतो, गॅलरीत पांढरे शर्ट ओळीने वाळत असतात, किराणा येतो आणि घरी व्हिडिओ कॉल होतो. २०१९ पर्यंत दर आठवड्याला फक्त ईमेल होती, फोन नाताळला आणि मदर्स डेला, बस. बाकीचे दिवस दारं, स्टेशन, बागा, ठरलेल्या भेटी, कुणाचं सामान हलवायला मदत, संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग. रविवारी दोन तासांची प्रार्थनासभा आणि पुन्हा भेटी.

खरा त्रास त्या ठरलेल्या भेटींचा आहे, हे मी जिन्यात बघितलं. पावसाचे दिवस होते. दुपारी दोघं रेनकोट निथळत जिन्यात उभी. कुणीतरी तीन वाजता या म्हणाला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि दार उघडलंच नाही. त्याच माणसाने आधीही असंच केलं होतं. मोठा मुलगा वहीत त्या नावापुढे काहीतरी लिहीत होता, धाकटा नुसता भिंतीकडे बघत होता. मी घरात एकटी होते, तेव्हा ती आत येणार नाहीत हे ठाऊक होतं. एकट्या बाईच्या घरात शिरायचं नाही असा त्यांचा नियम आहे. म्हणून पोह्यांच्या बशा जिन्यातच दिल्या. धाकटा आयडाहोतल्या बटाटेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. पोह्यात बटाटा बघून त्याचा चेहरा असा फुलला! शेंगदाणासुद्धा बशीत ठेवला नाही.

तेव्हा खुशाल जेवायला बोलवा, पण पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा: जेवायला या, धर्माचं आम्हाला ऐकायचं नाही. आपल्याला तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं, आपण "बघू", "पुढच्या आठवड्यात" करत राहतो. त्या "बघू"वर ही मुलं उन्हात सायकल मारत येतात.

सह्याद्री६२
पोहे ठीक आहेत, पण विसरू नका, ही माणसं धर्मांतरासाठीच आलेली असतात. परक्या गावात एकटा पडलेला विद्यार्थी अशा गोडव्याला पटकन भुलतो. नंबर देऊ नये हे माझं स्पष्ट मत.

माजघर
काका, त्यासाठीच आलेत, आणि ते लपवतही नाहीत. एकट्या पोराची तुम्हाला वाटणारी काळजी मलाही वाटते. कुणी नवखा विद्यार्थी त्यांच्याकडे जायला लागला तर त्याला मी आधी आमच्याकडे जेवायला बोलावते, म्हणजे ओळखीचं दुसरं घर असतं. पण दारात आलेल्या पोराला पाणी विचारायला माझा धर्म आड येत नाही.

युटावासी
मी सॉल्ट लेकजवळ राहतो. इथली दुसरी बाजू सांगतो. शेजाऱ्यांचा मुलगा सध्या तैवानलाच आहे. तिकडचा सोमवार उजाडतो तेव्हा इथे रविवार संध्याकाळ असते. त्या वेळी शेजारीणबाई कुणाकडे जात नाहीत, फोन टेबलावर ठेवून बसतात. मुलाच्या तिथल्या खर्चापोटी चर्चकडे महिन्याचे पाचशे डॉलर भरायचे असतात (२०२० च्या जुलैपर्यंत चारशे होते). मुलाने शाळेत असतानाच बर्फ उपसून, लोकांची गवतं कापून बरेचसे साठवले होते. दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, जोडीदार किंवा गाव कधीही बदलू शकतं. नवा जोडीदार अबोल निघाला तर त्या कॉलवर लगेच कळतं म्हणतात.

तैवानला यांचे पहिले चौघे १९५६ साली पोचले. आपल्याकडे त्याच्याही शंभर वर्षं आधी: ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ ला मुंबईत उतरला आणि पुण्यात राहून प्रचार करत होता. छावणीत त्याला लष्करी अधिकाऱ्यांनी थारा दिला नाही.

नवी_शिंचूकर
सगळ्यांचे आभार. नंबर नाही देत, पण आमच्या यांना सुट्टी असते तेव्हा, रविवारी दुपारी त्या दोघा मुलांना बोलवीन म्हणते. वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. नंतर चहा.

माजघर
चहा नको, कॉफीही नको, त्यांना दोन्ही वर्ज्य. गवती चहा नुसता पाण्यात उकळून दिलात तर चालतो, आले घालून छान लागतो. आणि महिन्याचा पहिला रविवार टाळा. त्या दिवशी त्यांचा दोन जेवणांचा उपास असतो, पाणीसुद्धा घेत नाहीत. पुऱ्या मात्र जास्त लाटा.