जीभ मोकळी ठेवलेला दोर

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं की स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे लोक गुरांना 'जबडा आवळून समुद्रातून फरफटत' नेत, निव्वळ क्रौर्य! वाचून राहवलं नाही. स्काय आणि मुख्य भूमी यांच्यातली काइल रे ची सामुद्रधुनी जेमतेम अर्धा किलोमीटर, पण ओढ भयंकर. एकोणिसाव्या शतकात वर्षाला हजारो गुरं दक्षिणेच्या बाजारांसाठी इथूनच पोहत गेली. दोर खालच्या जबड्याला, जीभ मोकळी, म्हणजे खारं पाणी घशात जात नाही. प्रत्येकीचा दोर पुढचीच्या शेपटीला, पहिलीचा होडीतल्या माणसाच्या हातात. आणि निघायचं ते भरती-ओहोटीचं पाणी थांबल्यावरच. क्रूर माणूस जिभेची काळजी करतो का?

सांजवेळ: मीच लिहिलं होतं. काळजी मालाची होती, गाईची नव्हे. स्कॉटलंडचंच सेंट किल्डा बेट १९३० च्या ऑगस्टमध्ये रिकामं केलं, तेव्हा मेंढ्या बोटीत चढल्या आणि कुत्री बुडवली. मेंढीला दाम होता, म्हणून.

खाडीकाठ: स्काय कुठे, सेंट किल्डा कुठे! शेवटची छत्तीस माणसं घरदार सोडून निघाली होती. त्यांच्यावर काय बेतलं असेल?

नकाशा: खरा मुद्दा धक्क्याचा आहे. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांतल्या दोन लहान बेटांवर आगबोट लागेल असा धक्काच नव्हता. गाय होडीमागून पोहत बोटीपर्यंत जायची, मग पोटाखाली पट्टा घालून तिला वर उचलायचे. आमच्याही गावाला जेट्टी मिळेना. सोय द्यायची नाही आणि दोष गरिबाला!

गोठा: जेट्टी राहू द्या. बाबांची बदली झाली तेव्हा आमचा मोत्या मागे राहिला. टेम्पोमागे नाक्यापर्यंत धावला. बुडवणं वाईट की सोडून जाणं, मला अजून ठरवता येत नाही.

सांजवेळ: मोत्याला कुणी भाकरी टाकली असेल. बुडवलेल्याला कोण टाकणार? यात ठरवायचं काय आहे?

गोठा: ताई, तुम्ही तो धावताना पाहिला नाहीत. मी पाहिलाय.

खाडीकाठ: आता माझंही ऐका. आजोबांनी एकदा बाजार चुकेल म्हणून भर सुकतीत, म्हणजे ओहोटीत, बैल खाडीत घातला. वेसणीला हिसका बसला, नाकातून रक्त आलं, मान पाण्याखाली गेली. कासरा त्यांनी सोडला नाही, तळहाताची साल निघाली. बैल गेला. जबड्याला दोर बांधण्यात काय शहाणपण होतं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

सांजवेळ: बरं. 'फरफटत' हा शब्द मागे घेते. जिभेचंही मान्य. पण कुत्र्यांच्या बाबतीत एक अक्षर मागे घेणार नाही.