मदत हवी आहे: व्हिक्टोरियन ब्रोच जेटचा की व्हल्कनाइटचा?

यॉर्कशायरमधून एक जुना काळा ब्रोच घेतलाय. जेट (प्राचीन लाकडापासून बनलेला काळा खडा) की व्हल्कनाइट (कडक केलेलं रबर), ते कळत नाहीये. मधे काचेखाली केसांची बारीक वेणी, भोवती बारीक मोत्यांची ओळ. मोती म्हणजे अश्रू, तेव्हा दुखवट्याचाच दागिना असणार. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने काळे कपडे शेवटपर्यंत सोडले नाहीत आणि यॉर्कशायरमधल्या व्हिटबी गावच्या जेटला तुफान मागणी आली. मग काच, व्हल्कनाइट अशा नकलाही आल्या.

हा हाताला हलका, उबदार लागतो, म्हणजे काच नाही. पण कडा तपकिरी पडल्यात, आणि जुनं व्हल्कनाइट तसं पडतं, म्हणून त्याची शंका येते. घासल्यावर तपकिरी रेघ दोन्हींची उमटते. तापलेली सुई टोचून वास बघायची परीक्षा मला अजिबात करायची नाही. दुसरी खात्रीची परीक्षा कुठली? शिवाय काचेच्या आत ओल दिसतेय. उघडून घ्यावा का? केसांना जराही धक्का लागायला नको.