प्रति: पेनड्राइव्हवरील उबुंटूला जागा का पुरत नाही?

३२ जीबीचा पेनड्राइव्ह बराचसा रिकामा असूनही त्यावरून चालवलेली उबुंटू ही संगणक प्रणाली ‘जागा शिल्लक नाही’ असे का सांगते, या आपल्या प्रश्नात थोडी भर घालतो. पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची जी फॅट-३२ पद्धत असते, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे आपले बदल साठवणारी ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ ही फाइलही तेवढ्यावरच अडते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलेल्या माझ्या पेनड्राइव्हवर मी उरलेल्या जागेत ईएक्सटी-४ या लिनक्सच्या पद्धतीचे स्वतंत्र पार्टिशन (वेगळा कप्पा) करून त्याला इंग्रजीत ‘रायटेबल’ हे लेबल दिले (उबुंटूच्या २०.०४ पूर्वीच्या आवृत्त्यांना तिथे ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ हेच जुने नाव लागते) आणि अडचण मिटली. मूळ प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या, दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असल्याने त्यात आधीपासून असलेला लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच काढून टाकण्याचा माझा खटाटोप मात्र वायाच गेला. त्याने जागा सुटत नाही, उलट प्रत्येक अपडेट आपल्या बदलांसाठी ठेवलेली जागाच खातो. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ या आज्ञेने उतरवलेली (डाउनलोड केलेली) पॅकेजे तेवढी निघतात.