‘बंद करणे’: खिडकी, दस्तऐवज की अख्खा प्रोग्राम?

अनुवादक: लेखनाच्या एका प्रोग्रामची मदतपाने मराठीत आणताना मी एका वाक्यापाशी अडलो आहे. शेवटची खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो आणि म्हणून पुढचा दस्तऐवज चटकन उघडतो, एवढेच तिथे सांगायचे आहे. मी लिहिले: ‘शेवटचा दस्तऐवज बंद केल्यावरही प्रोग्राम बंद होत नाही; तो बंद करायचा असल्यास मेनूतून बंद करावा.’ त्यावर तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारले की, ‘तो’ म्हणजे दस्तऐवज की प्रोग्राम? मूळ भाषेत या दोन क्रियांसाठी दोन क्रियापदे आहेत. आपण पुस्तक मिटतो, वही मिटतो, तसे दस्तऐवजासाठी ‘मिटणे’ वापरावे असे मला वाटते.

संपादिका: माझी हरकत आहे. पुस्तक मिटते तशी भांडणेही मिटतात आणि पाटीवरची अक्षरेही मिटतात. ‘दस्तऐवज मिटला’ या वाक्यात कर्ता गाळलेला असला की तो कुणी मिटला की आपोआप मिटून गेला, हे क्रियापदाच्या रूपावरून कळतच नाही. जो माणूस चार तास लिहीत बसला आहे, त्याला ‘दस्तऐवज मिटा’ अशी आज्ञा पडद्यावर दिसली तर आपले लिखाण पुसले जाईल, या भीतीने तो तिला हातही लावणार नाही.

प्रोग्रामर: आधी वस्तुस्थिती पाहू. मॅकवर मेनूपट्टी पडद्याच्या माथ्यावर असते आणि ती खिडकीची नसून प्रोग्रामची असते. त्यामुळे एकही खिडकी उरली नाही तरी बहुतेक प्रोग्राम चालू राहतात. कमांड-डब्ल्यूने खिडकी जाते, कमांड-क्यूने प्रोग्राम. विंडोजवर मेनू खिडकीतच असल्यामुळे शेवटच्या खिडकीबरोबर सहसा प्रोग्रामही संपतो. एक्सेलच्या 2013 पूर्वीच्या आवृत्त्यांत एकाच मोठ्या खिडकीत सगळ्या फाइली उघडत आणि कोपऱ्यात दोन फुल्या असत: आतली त्या फाइलीपुरती, बाहेरची सगळ्यांसाठी. चुकून बाहेरची दाबली की सगळेच नव्याने सुरू करावे लागे आणि त्यात वेळ जाई, कारण प्रोग्रामचे भाग, फॉन्ट आणि प्लग-इन, म्हणजे वरून जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम, पुन्हा मेमरीत यावे लागतात. त्यांतले बरेचसे कार्यप्रणालीने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने, राखून ठेवलेले असते, म्हणून दुसरी खेप पहिलीइतकी रेंगाळत नाही. प्रोग्रामसाठी ‘बाहेर पडा’ हा रूढ शब्द मला मुळीच पटत नाही. बाहेर पडतो तो वापरणारा. आपण घराबाहेर पडलो म्हणून आतला दिवा विझत नाही.

कोशप्रेमी: ‘बंद’ हा शब्द फारसी आहे आणि संस्कृत ‘बंध’ त्याचाच भाऊबंद. म्हणजे मूळ अर्थ बांधणे, थांबणे नव्हे. खिडकीसाठी आपल्याकडे अस्सल क्रियापद आहे: ‘लावणे’. दार लावतो, खिडकी लावतो. आणि खिडकी तरी कशाला, ‘गवाक्ष’ म्हणावे. गो आणि अक्ष मिळून किती देखणा शब्द झाला आहे!

संपादिका: पण दिवाही लावतात आणि रेडिओही लावतात, तेव्हा तो सुरू होतो. ‘प्रोग्राम लावला’ म्हटल्यावर तो मिटला असे कोण समजेल? आणि जिथे सगळे जण विंडो किंवा खिडकी म्हणतात, तिथे गवाक्ष लिहिल्याने वाचकाला काय मिळते, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

कोशप्रेमी: दार लावताना कडी अडकवतो, दिवा लावताना ज्योत वातीला भिडवतो. दोन्हीकडे एक वस्तू दुसरीला जोडणे हाच अर्थ आहे, विरोध वरवरचा आहे. आणि शब्द वापरल्याशिवाय रूढ होणार कसा?

अनुवादक: मूळ वाक्याचा दुसरा अर्धा भागही आहे: पुढचा दस्तऐवज चटकन का उघडतो आणि प्रोग्राम नव्याने सुरू करताना तसे का होत नाही, हे सांगणारा. तिथे मी आधी ‘मंद प्रारंभ’ लिहिले होते.

प्रोग्रामर: ते खोडा. ‘सुरू व्हायला वेळ लागतो’ असे लिहा, आपण बोलतो तसेच. आणि प्रोग्रामसाठी ‘थांबवणे’ घ्या.

संपादिका: थांबवलेला पुन्हा तिथूनच पुढे चालू होतो, असा त्याचा अर्थ होईल. गाणे थांबवतो तेव्हा तेच करतो ना?

कोशप्रेमी: मग ‘मालवणे’ का नको? दिवा लावतात आणि मालवतात.

अनुवादक: म्हणजे प्रोग्राम मालवायचा. दस्तऐवजाचे मात्र अजून ठरलेले नाही.